सामना चारला, पण तिथी बघून या

पहिला रविवार फुकट गेला आणि चूक माझीच होती. ठाण्याहून निघताना हवामान बघितलं, मेगाब्लॉक बघितला, पण कॅलेंडरवर तारखेखाली बारीक अक्षरात काय छापलंय ते काही बघितलं नाही. आषाढ संपत आला होता. फुटबॉलचा सामना बघायला साडेतीनला नवी मुंबईतल्या करावे गावच्या मैदानाशी पोचलो तर एका गोलच्या खांबाशी घोटाभर पाणी, त्यात दोन बगळे, आणि माणूस म्हणाल तर फक्त टपरीवाला. मॅचचं विचारलं तर हसायलाच लागला.

"आज गटारी हाय दादा. आज पोरां सापरायची नाय."

अमावास्या सोमवारी होती, पण सोमवारी कामावर जायचं असतं, त्यामुळे गटारी रविवारीच उरकून घेतलेली. एक चहा प्यायलो आणि परत फिरलो.

पुढच्या रविवारी मुलीला घेऊन गेलो. ती अकरा वर्षांची आहे आणि ठाण्यात एका टर्फवर फुटबॉल शिकते. हिरवं प्लास्टिकचं गवत, चहूबाजूंनी जाळी, तासाच्या हिशोबाने भाडं. खरं मैदान तिने टीव्हीवर पाहिलंय. मी स्वतः 25 ऑक्टोबर 2017 ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकाची उपांत्य लढत पाहिली होती, स्पेनने मालीला 3-1 ने हरवलं ती. छापील तिकीट, आकडा घातलेली खुर्ची, पाण्याची बाटली गेटवरच काढून घेतलेली. त्या स्टेडियमपासून करावे फार तर एका स्टेशनाच्या अंतरावर आहे. पण दोन्हीकडे जायची तयारी अगदी वेगळी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी प्रवास. ठाण्याला फलाट 9 आणि 10 वरून ट्रान्स हार्बरच्या गाड्या सुटतात. पनवेल लोकल पकडा आणि सीवूड्स-दारावेला उतरा. वाशीच्या गाडीत बसलात तर ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते, आणि हे बहुतेकांच्या लक्षात वाशीला उतरल्यावर येतं. नेरुळपर्यंतची गाडी मिळाली तरी चालेल, पुढे हार्बरची कुठलीही पनवेल किंवा बेलापूर लोकल एका स्टेशनात सोडते. सामने रविवारी असतात आणि ब्लॉकही रविवारीच असतो, तेव्हा शनिवारी रात्री वेळापत्रक बघून ठेवा. सीवूड्सला स्टेशनच्या डोक्यावरच मॉल आहे. स्वच्छतागृहाचं काम तिथेच आटपून घ्या, मैदानावर तशी काही सोय नाही. लहान मूल बरोबर असेल तर हा सल्ला विसरू नका. बाहेर पडल्यावर रिक्षावाल्याला सेक्टर सांगत बसू नका, "करावे गाव" म्हणा.

स्टेशनच्या नावात इंग्रजी सीवूड्सच्या मागे दारावे लावलंय, ते त्याच नावाच्या जुन्या गावाचं. 1970 मध्ये सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि नवी मुंबई हे नवं शहर बसवायला 95 गावांची जमीन घ्यायचं ठरलं. त्या गावांची गावठाणं आता सेक्टरांच्या मधोमध बेटांसारखी उरलीत. रिक्षा रुंद रस्त्यावरून गल्लीत वळली की सुकटीचा वास येतो, दाराशी टांगलेली जाळी दिसतात, आणि मोठ्याने बोलण्याचा सूर बदलतो. आलं गाव.

सामना चारचा होता. आम्ही पावणेचारला हजर. मैदानावर चौदा-पंधरा पोरं गोलमध्ये बॉल मारत होती आणि चुन्याच्या रेषा कुणीतरी नुकत्याच आखल्या होत्या, त्या रिमझिमीत विरघळत चाललेल्या. एका गोलला जाळी होती, तीही मासे पकडायच्या जुन्या जाळ्याची, जागोजागी निळ्या दोऱ्याने सांधलेली. दुसऱ्या गोलला काहीच नाही, नुसते खांब. मैदानाची लांबी मी पावलांनी मोजली. नियमाप्रमाणे किमान 90 मीटर हवी, माझ्या अंदाजाने जरा कमीच भरली. रुंदीला मात्र ऐसपैस, कारण एका बाजूला रेषा आहे की नाही यावर गावाचंच एकमत नाही.

चार वाजले, सव्वाचार झाले, तरी कुणाला घाई दिसेना. पाहुणा संघ लाल जर्सी घालून बेंचवर चणे खात बसलेला. शेवटी देवळाच्या पायरीवर डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून बसलेल्या एका काकांना विचारलं, "काका, सामना किती वाजता सुरू होईल?"

त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज तिथ कनची?"

काल नागपंचमी झाली, म्हणजे षष्ठी.

"सहाची पाऊनकी किती?"

पाउणकी मी तिसरी-चौथीनंतर म्हटलेली नाही. मुलगी बोटांवर मोजून म्हणाली, "साडेचार."

"मंग साडेचारला पानी भरंल. पानी भरलं क होऱ्या येतीन, होऱ्या आल्या क पोरां येतीन."

हा हिशोब कोकणात किनाऱ्यावर जुना आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. थोडं पुढेमागे होतं, पण ठोकळ अंदाज बरोबर येतो. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यातून आलेला हा गुणाकार. यजमान संघाचा गोलकीपर आणि एक बॅक खाडीत गेले होते. यांत्रिक होड्यांची बंदी 1 जून ते 31 जुलै असते, पण वल्हवायच्या छोट्या होडीने चिंबोऱ्या, कोळंबी, नशीब असेल तर एखादा जिताडा, हे चालूच राहतं. ओहोटीबरोबर गेलेली होडी भरतीबरोबर परत येते. कोच कितीही ओरडला तरी ती आधी येत नाही.

मागच्या रविवारच्या पाण्याचाही उलगडा तिथेच झाला. त्या दिवशी चतुर्दशी, भरती साडेदहाची, तीही उधाणाची, आणि सकाळी नेमका तेव्हाच पाऊस कोसळलेला. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. म्हणून सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव बांधले. भरती आली की खाडीकडची झडपं मिटतात आणि पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपं उघडून ते निघून जातं. पाऊस आणि उधाण एकदम आले की पाण्याला जायला जागा नसते. तेव्हा अमावास्या-पौर्णिमेच्या जवळचा रविवार असेल आणि सकाळी धो धो पाऊस झाला असेल, तर निघण्याआधी कुणाला तरी फोन करा. "कुणाला तरी" म्हणजे टपरीवाल्याला. पहिल्या खेपेला चहा पिऊन त्याचा नंबर घेऊन ठेवायचा होता, हे मला दुसऱ्या खेपेला सुचलं.

पाच वाजता खाडीत गेलेले ते दोघं आले. अर्धी चड्डी चिखलाने माखलेली, एकाच्या हातात चिंबोऱ्यांची पिशवी. ती त्याने गोलच्या खांबाला टांगली आणि ग्लोव्ह्ज चढवले. अर्ध्या-अर्ध्या तासाचे दोन डाव, मधे दहा मिनिटं.

खेळाचा दर्जा विचाराल तर चिखलात जमिनीलगतचा पास चालत नाही. बॉल दोन फुटांवर जाऊन बसतो. त्यामुळे सगळा खेळ हवेतून आणि छातीवर. आमच्याकडच्या टर्फवर जी पोरं चपळ वाटतात ती इथे पहिल्या पाच मिनिटांत बसली असती. लाल संघाचा एक बुटका विंगर होता, त्याने चुन्याच्या रेषेबाहेरचा कोरडा पट्टा हेरला आणि सतत तिथूनच पळत राहिला. पहिला गोल त्याचाच, बिनजाळीच्या खांबांत. मग वाद. बॉल खांबाच्या आतून गेला की बाहेरून? पाच मिनिटं दोन्ही गावं खांबाभोवती जमली. रेफरी शांतपणे चिखलात बॉलचा ठसा शोधत होता. तो सापडला, खांबाच्या आत वीतभर. गोल.

उभं राहायची जागा: देवळाकडची बाजू. तिथे पायऱ्या आहेत आणि बायका-पोरंही तिथेच बसतात, मुलीला घेऊन गेलो तरी अवघड वाटलं नाही. बिनजाळीच्या गोलमागे उभे राहू नका. मी राहिलो, माझा चहा गेला. टचलाइनवर छत्री उघडू नका. तीही मी उघडली, आणि मागून जे ऐकलं ते मुलीने ऐकलं नसावं अशी आशा आहे. रेनकोट किंवा सरळ भिजणं. पायात जुने बूट, पिशवीत कोरडे मोजे आणि टॉवेल. वडापाव, उकडलेली अंडी, चहा मिळतं. सुटे पैसे ठेवा, पावसात टपरीच्या नेटचा भरवसा नाही. तिकीट नसतं. मध्यंतरात एक पोरगा वही घेऊन फिरतो, बॉल आणि चुन्याची वर्गणी. पन्नास-शंभर जे वाटेल ते द्या, नाव लिहून घेतो. फोटो काढायचे तर आधी विचारा. इथे आपण कुणाच्या तरी अंगणात आहोत.

दुसऱ्या डावात यजमानांचा एक खेळाडू लंगडत बाहेर आला आणि त्याच्या जागी जायला उरला फक्त लाइन्समन. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि झेंडा माझ्या हातात दिला. झेंडा म्हणजे काठीला बांधलेला नारिंगी कपडा. "दादा, धरा जरा." पाहुण्याला नाही म्हणता येत नाही, इथे तर पाहुणा मीच होतो. दहा मिनिटं बरी गेली. मग लाल संघाने थ्रो घेतला, त्यांचा फॉरवर्ड सगळ्यांच्या पुढे एकटा उभा, आणि मी रुबाबात झेंडा वर केला. रेफरीने माझ्याकडे बघून मान हलवली आणि खेळ चालू ठेवला. देवळाच्या पायऱ्यांवर हशा.

"बाबा," मुलगी रेषेपलीकडून म्हणाली, "थ्रो-इनवर ऑफसाइड नसतो."

हे काकांनीही ऐकलं. "पोरीला दे रं झेंडा," ते म्हणाले. दिला. उरलेला वेळ तिने रेषेवर धावत काढला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि तिने झेंडा उचलला तेव्हा कुणीही हसलं नाही. एकदा तर यजमानांचा गोल तिच्या झेंड्यामुळे रद्द झाला. मी घाबरून पायऱ्यांकडे बघितलं. काका म्हणाले, "बराबर हाय. व्हता पुढं." नंतर बरोबरीचा गोल झालाच, 1-1, कॉर्नरवरून त्या होडीवाल्या बॅकने डोक्याने मारलेला. साडेसहाच्या आत शिट्टी वाजली. श्रावणात ढगाळ असलं की त्यानंतर बॉल दिसत नाही, आणि दिवे नाहीत.

गोलकीपरने चिंबोऱ्यांची पिशवी खांबावरून काढली. दोन आम्हाला देऊ केल्या. श्रावण चालू आहे असं मी पुटपुटलो, तर तो म्हणाला, "चिंबोरीला काय म्हायती?" घेतल्या. बायकोला अजून सांगितलेलं नाही, शेजाऱ्यांकडे शिजल्या. पिशवी दुहेरी घ्या, लोकलच्या गर्दीत नांगी बाहेर येते.

तलावांवरचे फ्लेमिंगो बघायचे मनात असेल तर या दिवसांत जाऊ नका, ते पावसाच्या तोंडावर निघून गेलेले असतात. हिवाळ्यात या. पण तेव्हा मैदानावर टेनिस बॉल क्रिकेटचे मंडप असतात आणि फुटबॉलला जागा नसते, दोन्ही एकाच खेपेत जमणार नाही.

येत्या रविवारी त्रयोदशी आहे. पाउणकी पावणेदहा, म्हणजे सकाळीच होड्या आलेल्या असतील आणि सामना चारला वेळेवर सुरू होईल. मंगळवारी नारळी पौर्णिमा असल्याने गाव सजायला लागलेलं असेल, रिक्षा बाहेरच सोडावी लागेल बहुधा. काकांचा निरोप आलाय. माझ्यासाठी नाही, झेंडेवालीसाठी.