आमची वाटचाल : नालबंदीपासून सांध्याच्या व्यायामापर्यंत

वाईजवळचा आमचा तबेला सुरू झाला तो नालबंदीसाठी. पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरला पर्यटकांना फिरवणारी, तशीच साताऱ्याकडची वरातीची घोडी आमच्याकडे येत. नाल ठोकायला पाय हातात घेतला की सांध्याची अवस्था कळते. एक पाय दुसऱ्यापेक्षा कमी वाकतो, फेटलॉकच्या (खुराच्या वर, नळीच्या खालच्या टोकाशी असलेल्या सांध्याच्या) वरच्या अंगाला मऊ फुगवटा लागतो, पाय दुमडला की घोडं तो ओढून घेतं. जांभ्याच्या टणक पठारावर भरधाव पळणं, घाटातला डांबरी उतार आणि पुढे वाढलेला खूर एकत्र आले की सांधा कुरकुरायला लागतो. अशा घोड्यांना पुन्हा कामावर आणायची जबाबदारी मालक आमच्यावर टाकत गेले आणि आज तेच आमचं मुख्य काम झालं आहे.

निदान मात्र आम्ही करत नाही. पशुवैद्याची चिठ्ठी आणि गरज असेल तिथे क्ष-किरण तपासणी झाल्याशिवाय घोडं फिरवायला घेत नाही. जिल्ह्यातच शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही इथल्या मालकांची मोठी सोय. सांधा गरम आहे, अंगात ताप आहे आणि घोडं पाय टेकतच नाही, असं दिसलं तर सांध्यात पू झाल्याची शक्यता असते. तिथे व्यायाम नाही, त्याच तासाला डॉक्टर.

दुखरा सांधा नुसता बांधून ठेवून सुधारत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. पाय टेकला की ती दाबली जाते, उचलला की सांध्यातला द्रव शोषून घेते, आणि यातूनच तिचं पोषण होतं. म्हणून चालवायचं, पण मोजून.

साध्या सुजेसाठी, किंवा दुर्बिणीतून हाडाचा कपचा काढून टाके निघाल्यावर, डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की आम्ही हातात दोर धरून दिवसातून दोनदा 5 ते 10 मिनिटं चालवतो. दर आठवड्याला प्रत्येक फेरीत 5 मिनिटं वाढतात. अर्धा तास निवांत जमू लागला आणि डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं की मगच दुडकी, तीही सुरुवातीला एकेक मिनिट, मध्ये भरपूर चाल. सांध्यात इंजेक्शन दिलं असेल तर आधी डॉक्टर सांगतील तेवढी विश्रांती. जुन्या दुखण्यात हे आठवडे वाढतात, त्याला इलाज नाही.

चालवायची जागा महत्त्वाची. आम्ही दाबून सपाट केलेली मुरमाची सरळ पट्टी वापरतो. खोल वाळूत कंडरांवर, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरांवर, ताण येतो आणि लहान गोलात फिरवलं की सांध्याला पीळ बसतो. म्हणून दोरावर गोल फिरवणं आमच्याकडे सर्वात शेवटी येतं, कधी कधी येतच नाही. चाल पक्की झाल्यावर जमिनीवर 3-4 वासे टाकतो. त्यावरून जाताना घोडं पाय उचलून सांधा जास्त वाकवतं. अंतर त्याच्या चालीवर ठरतं. आपल्याकडच्या लहान चणीच्या घोड्यांना 75-80 सेंटिमीटरपासून सुरुवात करून जुळवून घ्यावं. गोल वासा खुराखाली फिरतो, त्यामुळे दोन्ही टोकांना खुंट्या हव्यातच.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. मोतद्दार घोडं बाहेर काढतो तेव्हा पहिली पावलं आम्ही नीट पाहतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं, चांगला पाय टेकताना खाली येतं. दोन्ही पायांचे सांधे हाताच्या मागच्या बाजूने चाचपून उष्णता ताडून बघतो. फरक वाटला तर 15-20 मिनिटं थंड पाण्याची धार, त्या दिवशी फेरी बंद आणि नंतर आधीच्या आठवड्याच्या मिनिटांवर परत. वेदनाशामक चालू असताना हे सगळं फसवं ठरतं. औषधाने लंगडणं झाकलं जातं, सांधा होता तिथेच असतो. मालकांची घाई इथेच नडते.

खुराकाबद्दल आम्ही फार आग्रही आहोत. बसून असलेल्या घोड्याचं धान्य कमी करायचं, चारा नाही. भरपूर धान्य खाऊन उभं राहिलेलं घोडं एकदम कामाला लावलं की पुठ्ठ्याचे स्नायू आखडतात, घाम फुटतो, लघवी गडद तपकिरी होते. अशा वेळी एक पाऊलही पुढे न्यायचं नाही, जागेवरच डॉक्टर बोलवायचा. दुसरं, आपल्या भागात उसाचे वाढे आणि गव्हाचा कोंडा सहज मिळतो म्हणून तेच घातलं जातं. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं, कोंड्यात फॉस्फरस जास्त. दोन्हींमुळे हाडं कमकुवत होऊन लंगडेपणा येतो. त्याऐवजी वाळलेलं गवत आणि थोडा लसूणघास द्यावा. 300 किलोच्या घोड्याला सुका चारा दिवसाला साधारण 5 ते 6 किलो लागतो.

नालबंदी आम्ही सोडलेली नाही, उलट तिचं महत्त्व आता जास्त कळतं. खूर पुढे वाढला की पाऊल उलटायला उशीर होतो आणि खालच्या सांध्यांवर ताण येतो. म्हणून 5-6 आठवड्यांनी नाल काढून खूर तासतो, आणि सगळा भार घेणारा चांगला पायही तेवढ्याच काळजीने बघतो.

पावसाळ्यात वर पर्यटक कमी असतात, त्यामुळे बहुतेक घोडी तेव्हाच खाली येतात. पट्टी निसरडी झाली की पत्र्याच्या लांब शेडमध्ये चालवतो. परत देताना मालकाला लिहून देतो : स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत, म्हणजे 300 किलोला 60 किलो. पहिला महिना सपाटीवर फक्त चाल, घाटाचा उतार नाही आणि टेबललँडवर शर्यत लावणं तर मुळीच नाही.