चतुःसीमेतली पाखाडी

वाडीतून विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, बागायतदारांनी लोखंडी गेट बसवलं आणि कुलूप घातलं. बागायतदार म्हणजे जुन्या खोतांचे, गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदारांचे, मुंबईतले वारस. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांपुढे दावा लागला. मी वाडीकडून वकील.

सुनावणीला समोरच्यांनी मोडीतला एक कागद काढला. शके 1710. जमीन पेशवाईपासून आमची, तेव्हा वाटही आमची, असं त्यांचं म्हणणं. मी वाचायला घेतला, तर तिसऱ्याच ओळीत 'सर्वे नंबर'! शके 1710 म्हणजे 1788. सर्व्हे नंबर आले इंग्रजांच्या मोजणीबरोबर. ती मोजणी देशावर इंदापुराकडे सुरू झाली 1835 च्या सुमारास, कोकणात त्याच्याही नंतर.

वाडीचे अण्णा कानाशी पुटपुटले, "बाय, खोटा म्हणून सांग आणि मोकळी हो." कुठल्याही वकिलाला मोह व्हावा अशीच संधी होती.

पण कायद्याच्या आधी मी इतिहासात बी.ए. केलंय. "कसली मढी उकरणार?" असं नातेवाइकांनी तेव्हा विचारलं होतं. मोडी तिथेच शिकले, आणि मोडीहून मोलाचं म्हणजे साधनांचं बहिरंग आणि अंतरंग परीक्षण. कागद खरा की खोटा एवढ्यावर थांबायचं नाही. कोणी लिहिला, कधी, कोणासाठी आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा, हे विचारत जायचं. लॉ कॉलेजात मला हे कोणी शिकवलं नाही.

मी वेळ मागून घेतला आणि कागद शेवटपर्यंत वाचला. अखेरीस 'नक्कल' असा शेरा होता. मोजणीच्या काळात खोताने जुन्या कागदाची नक्कल करून घेतली असावी आणि लिहिणाऱ्याने नवा नंबर त्यात घातला असावा. मग चतुःसीमा: पूर्वेस डोंगर, पश्चिमेस वहाळ, उत्तरेस गडगा, आणि 'दक्षिणेस लोकांचे राबत्याची पाखाडी'.

पाखाडी जमिनीची हद्द होती! म्हणजे ती जमिनीच्या बाहेर, आणि लोकांच्या वहिवाटीची. हे लिहून घेणारा स्वतः खोत. आपल्याच हक्काला बाध येईल अशी वाट तो कशाला रचून घालेल? नक्कल 1788 च्या मूळ कागदाबरहुकूम नसली, तरी मोजणीच्या वेळी पाखाडी वापरात होती एवढं तिच्यातून निघतंच. खोटा म्हणून कागद फेटाळायला लावला असता, तर वाडीचा सगळ्यात भक्कम पुरावा आम्हीच घालवला असता.

तहसीलदारांनी त्या ओळी दोनदा वाचून घेतल्या. समोरच्या वकिलांनी हरकत घेतली, पण कागद त्यांचाच होता. गेट काढण्याचा आदेश झाला.

आता बागायतदार या आदेशाविरुद्ध वरच्या अधिकाऱ्यांकडे गेलेत. अण्णांना सांगितलंय, 1880 च्या खोती कायद्याखालचं गावचं बोटखत, म्हणजे कुळांच्या नोंदींचं दप्तर, शोधायचं. त्यात वाडीतल्या कुळांची नावं सापडली, तर ती माणसं तेव्हा तिथे राहत होती हेही कागदावर येईल.