तापोळ्याच्या पलीकडे, कांदाटी खोऱ्यात, पावसाच्या तोंडावर

मे संपता संपता मित्राच्या आजोळी राहून आलो. महाबळेश्वरवरून घाट उतरून तापोळा, मग लाँचने शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, ओलांडला की कांदाटी खोरं. १९६० च्या दशकात कोयना धरण झालं, पाणी चढलं, तेव्हापासून बाजार, दवाखाना, तालुका सगळं पाण्याच्या पलीकडे. खेडच्या बाजूने रघुवीर घाट आहे, पण पावसात दरडी येतात, त्याच्या भरवशावर राहू नका.

तिथे हिशोब एकच, दसऱ्यापर्यंत पुरलं पाहिजे. तांदूळ-नाचणी शेणाने लिंपलेल्या कणगीत, मीठ-तेल-चहापत्ती भरून झालेली, सुकट डब्यात, लसूण आढ्याला टांगलेला. पण बघण्यासारखं काम सरपणाचं. फोडलेली लाकडं पडवीत रचलेली आणि थोडी चुलीवरच्या माळ्यावर, धुराने सुकत. माळ्यावरचं जळायला खाली काढलं की पडवीतलं तेवढंच वर चढवायचं, मामी हा क्रम दमलेल्या असल्या तरी मोडत नाहीत. रात्री निखारा राखेखाली झाकतात, सकाळी राख सारून फुंकणी मारली की चूल पेटली, सादळलेल्या काडीपेटीची कटकटच नाही. गॅस आहे हो, पण सिलिंडर लाँचने येतो म्हणून तो पाहुण्यांच्या चहापुरता!

आपल्याकडे अडचणीच्या काळाची तयारी म्हटली की लोक आधी मल्टिटूल आणि हजारोंच्या बॅगा ऑर्डर करतात. इथे कोयता आणि शेजारी, एवढ्यावर भागतं. कौलं चाळायला आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे, असा पैरा चालतो, आणि तरणी पोरं बहुतेक मुंबईला असल्यामुळे मलाही शिडी धरायला उभं केलं.

धास्ती असते ती आजारपणाची. वारा सुटला की लाँच निघत नाही, त्यामुळे दिवस भरत आलेली बाई असेल तर पाऊस लागायच्या आधीच तिला पलीकडे नातेवाइकांकडे नेऊन ठेवतात.

जाणार असाल तर रोजच्या गोळ्या दुप्पट घ्या, ओआरएस घ्या. कॅश सुट्ट्या नोटांत आणि पेट्रोल, दोन्ही महाबळेश्वरलाच, कारण रेंज एखाद्या टेपावर मिळते, यूपीआय विसरा. टॉर्च हवाच, रात्री पाय टाकाल तिथे उजेड पाडा, आणि साप चावलाच तर बांधणं-कापणं-मांत्रिक काही नको, माणसाला चालवू नका, उचलून लाँचला न्या आणि थेट दवाखाना. परतीची लाँच किती वाजता ते उतरतानाच विचारा, अंधारात कोणी सोडत नाही. मे महिन्यात पाणी आत गेलेलं असतं, काठापर्यंत चिखल तुडवावा लागतो, तेव्हा पांढरे शूज घरीच ठेवा. मिठाई नेण्यापेक्षा आधी फोन करून काय हवंय ते विचारा, आम्हाला बॅटरीचे सेल आणि प्लास्टिकचा कागद सांगितला होता. वासोटा किल्ला जोडायचा असेल तर बामणोलीत वनखात्याची परवानगी काढावी लागते, आणि पावसाळ्यात तो बंदच असतो, त्यामुळे तो बेत दिवाळीनंतरचा ठेवा.