लोबोक नदीवरचं दुपारचं जेवण: बोहोलला जाणाऱ्यांसाठी

फिलिपीन्समधल्या बोहोल बेटावर लोबोक नावाची नदी आहे. तिच्यात दुपारी जेवणाच्या होड्या चालतात. मध्ये बुफे मांडलेला, एका टोकाला गिटार घेऊन कुणीतरी गाणारं आणि दोन्ही काठांवर नारळीची दाटी. सफर साधारण तासाभराची. या एका तासात जेवण, गाणं आणि नदी हे तिन्ही मनसोक्त मिळेल असं धरून गेलात तर हिरमोड होईल. आपल्याला यातलं नेमकं काय हवंय हे घाटावर पोचायच्या आधी ठरवून टाका. आम्हाला दोघांना नदी हवी होती, आईला गाणं आणि चिरंजीवांना अर्थातच जेवण. त्यामुळे तिन्ही बाजूंनी लिहिता येईल.

आधी प्रवासाचं उरकून घेते. ८ जून २०२५ पासून भारतीयांना पर्यटनासाठी १४ दिवस व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग जवळ हवं, पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी. पोचण्याआधीच्या ७२ तासांत सरकारी 'ई-ट्रॅव्हल' नोंदणी करावी लागते. ती फुकट आहे. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करा, तुम्ही चुकीच्या जागी आला आहात. मनिलाहून थेट बोहोललगतच्या पांगलाओ बेटावरच्या विमानतळावर उतरता येतं, नाहीतर शेजारच्या सेबू बेटापर्यंत विमानाने आणि पुढे वेगवान बोटीने दोनेक तासांत ताग्बिलारानला, म्हणजे बोहोलच्या मुख्य शहरात. ज्यांना बोट लागते त्यांनी विमानच धरावं. समुद्र खवळलेला असला की ते दोन तास फार लांबतात. नदीत मात्र कुणाला काही होत नाही, पाणी अगदी संथ आहे.

राहायला बहुतेक जण पांगलाओच्या किनाऱ्यावर असतात आणि तिथूनच 'कंट्रीसाइड टूर' घेतात. ठरलेली व्हॅन, ठरलेली ठिकाणं: १५६५ मध्ये स्पॅनिश लेगाझ्पी आणि इथला सरदार सिकातुना यांनी रक्ताची शपथ घेतली ती जागा, बाक्लायोनचं चर्च, टार्सियर नावाचा मोठ्या डोळ्यांचा चिमुकला प्राणी, बिलारचं महोगनीचं जंगल, कार्मेनच्या 'चॉकलेट हिल्स' नावाच्या टेकड्या आणि मध्ये जेवायला लोबोक. ठिकाणं चांगलीच आहेत. घोळ असा की सगळ्या व्हॅन एकाच क्रमाने फिरतात आणि बाराच्या ठोक्याला सगळ्या लोबोकच्या घाटावर येऊन थडकतात. मग तिकिटाची रांग, होडीची रांग आणि होडीत चढल्यावर भाताची रांग.

उपाय सोपा आहे, क्रम उलटा करा. चालकाला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की सकाळी लवकर निघायचं आणि आधी थेट कार्मेन गाठायचं. आमच्या चालकाला हे काही रुचलं नाही. 'सगळे असंच करतात' हे त्याचं म्हणणं. आम्हाला ते टाळायचं होतं म्हणूनच तर क्रम बदलला! सकाळच्या कोवळ्या उन्हात टेकड्या दिसतातही छान, सावल्या लांब असतात त्यामुळे प्रत्येक टेकडी सुटी उठून दिसते. किमान १,२६० टेकड्या आहेत म्हणे. फेब्रुवारी-मार्चपासून गवत वाळलं की त्या तपकिरी होतात, एरवी हिरव्याच. तपकिरी रंगाच्या आशेने पावसाळ्यात जाऊ नका. तिथून उतरताना महोगनीच्या जंगलात पाच मिनिटं थांबायचं (रस्त्याच्या मधोमध उभं राहून फोटो काढू नका, ट्रक येतात) आणि अकराच्या सुमाराला लोबोक. हे जमत नसेल तर दीडनंतर या, तेव्हा गर्दी ओसरलेली असते. पण उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला बुफेतला तळ येतो हेही लक्षात असू द्या.

स्वतःच्या हिशोबाने फिरणाऱ्यांनी व्हॅन घेतलीच पाहिजे असं नाही. ताग्बिलारानहून कार्मेनला जाणाऱ्या बस लोबोकवरूनच जातात, अंतर पंचवीसेक किलोमीटर. स्वस्तात होतं, फक्त परतीची शेवटची बस किती वाजता ते उतरतानाच विचारून घ्या.

होडी म्हणजे रुंद तराफाच. खाली तरंगते सांगाडे, वर फळ्यांची जमीन, त्यावर टेबलं-खुर्च्या आणि डोक्यावर छप्पर. इंजिन मागच्या बाजूला. म्हणून मागची टेबलं टाळा, तिथे घरघर ऐकू येते आणि वाऱ्याची दिशा फिरली की डिझेलचा वास जेवणावर येतो. डावी बाजू की उजवी यावरून मात्र भांडू नका. होडी त्याच वाटेने परत येते, दोन्ही काठ दोन्हीकडच्यांना दिसतात. पुढच्या टोकाची जागा सर्वात उत्तम. पण आमच्या होडीत गाणाऱ्याचा स्पीकरही तिथेच होता. तेव्हा पुढून दुसऱ्या-तिसऱ्या टेबलाची कडेची खुर्ची पकडायची. चढताना फळी हलते, पण धरायला माणूस उभा असतो. आईचे गुडघे दुखतात, तरी ती सहज चढली. व्हीलचेअर असेल तर तिकीट काढण्याआधी पायऱ्या बघून घ्या. लाइफ जॅकेट कुठे ठेवलेत तेही बसल्या बसल्या विचारून ठेवावं.

आता जेवण. मांसाहारी मंडळींची चंगळ आहे. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, भाजलेली मासळी, कोंबडी, पान्सित म्हणजे त्यांच्या शेवया आणि भात. भाजलेल्या गोष्टींसोबत मिरची घातलेला आंबट सिरका असतो, तो जरूर घ्या, सगळ्या ताटाला त्याने चव येते. मुलाने मासळीवर जो हात मारला त्याचं वर्णन इथे नको.

शाकाहारी लोकांनी मात्र डोळे उघडे ठेवून ताट वाढून घ्यावं. भाज्यांचं चॉपसुई हिरवंगार दिसतं, पण त्यात कोंबडीचे किंवा कोळंबीचे तुकडे हमखास सापडतात. पान्सितमध्ये रस्सा मांसाचा असू शकतो. माशाचा रस, म्हणजे पातिस, तर मिठासारखा कशातही पडतो. इंग्रजी बहुतेकांना येतं, तरी 'व्हेज' म्हटल्यावर समोरचा 'भाज्या आहेत ना' एवढंच समजतो. मांस नको, मासे नको, कोळंबी नको, असं एकेक नाव घेऊन विचारा. स्थानिक बिसाया भाषेत 'वालाय कार्ने, वालाय इस्दा' म्हटलं की काम होतं. आईच्या ताटात शेवटी भात, काकडी, टोमॅटो आणि ढीगभर कलिंगड-अननस एवढंच आलं. तिच्यासाठी आम्ही ठेपले आणि लोणच्याची पुडी नेली होती. बाहेरचं खाणं चालेल का हे घाटावरच विचारलं, कुणी हरकत घेतली नाही. समुद्री शेवाळाची कोशिंबीर दिसली तर शाकाहारी मंडळींनी चाखून बघावी. दाताखाली फुटते आणि खारट पाणी सुटतं. मला आवडली. नवऱ्याने एका घासात हात टेकले.

एक युक्ती सांगते. होडी सुटली की सगळे एकदम बुफेकडे धावतात, आणि नेमका तेव्हाच नदीचा देखणा भाग सुरू होतो. होडी प्रवाहाच्या उलट वर जाते. जसजसं गाव मागे पडतं तसतसे काठ जवळ येतात आणि पाण्याचा रंग गडद हिरवा होतो. त्या वेळी निम्मी होडी पाठ फिरवून भात वाढून घेत असते. मुलाला ताटं भरायला पाठवून आम्ही कडेला बसून राहिलो. एकटे असाल तर फक्त फळं घेऊन बसा आणि खरं जेवण परतीच्या वाटेवर जेवा.

काठावरची ती झाडं पहिल्यांदा बघताना नारळाचीच वाटतात, पण नीट बघा. बुंधा दिसतच नाही, लांबलचक झावळ्या थेट चिखलातून वर आलेल्या असतात. ही निपा. हिच्या झावळ्यांनी इथली छपरं शाकारतात आणि हिच्या रसाचा सिरकाही करतात. भरतीचं पाणी पोचतं तिथवरच ती वाढते. पुढे वर गेलं की ती विरळ होते आणि खऱ्या नारळी सुरू होतात. मधूनच एखादी नारळी पाण्यावर आडवी वाकलेली असते आणि गावातली पोरं तिच्या शेंड्यावरून धपाधप उड्या मारतात.

शेवटी बुसाय धबधबा. नाव ऐकून मोठ्या अपेक्षा नकोत. चार-पाच बुटक्या पायऱ्यांवरून घसरत येणारं रुंद पाणी आहे ते. होडी तिथे वळते, सगळे सेल्फी काढतात, झालं.

गाण्याबद्दल आमच्या घरातच दोन तट पडले. होडीवरचा गायक गिटारवर जुनी इंग्रजी गाणी म्हणत होता, आवाज खरंच गोड. फरमाईश विचारायला तो टेबलाशी आला तेव्हा आई मला म्हणाली, "अगं, त्याला म्हणावं, त्यांचं स्वतःचं काहीतरी म्हण ना." मी सांगितलं. तो हसला आणि बिसायातलं एक संथ गाणं धरलं. तासाभरातलं सर्वात सुरेख गाणं तेच होतं. शेजारच्या टेबलावरचे फिलिपिनो आजोबाही गुणगुणायला लागले. तुम्हीही मागून बघा. न मागता ते मिळत नाही, कारण पाहुण्यांना इंग्रजीच हवं असं त्यांनी धरून ठेवलंय. स्पीकर मोठा वाटला तर तेही सांगता येतं, कुणी वाईट वाटून घेत नाही.

वाटेत एका बांबूच्या मांडवाशी होडी टेकते. तिथे गावातल्या बायका आणि मुलं युकुलेले वाजवत गातात, नाचतात. तिनिक्लिंग नाच तिथे अगदी हाताच्या अंतरावरून बघता येतो. दोघी जणी खाली बसून लांब बांबूंची जोडी धरतात, दोनदा खाली आपटतात आणि तिसऱ्यांदा एकमेकांवर. नाचणारीचं पाऊल तोवर आत जाऊन बाहेर आलेलं पाहिजे, नाहीतर घोटा सापडलाच. मी तिच्या पायांकडेच बघत होते. तिची नजर मात्र एकदाही खाली गेली नाही. मग पाहुण्यांना बोलावतात. त्यांच्यासाठी लय मुद्दाम धीमी करतात, तेव्हा खुशाल जा, चपला काढून. तिथे देणगीची पेटी असते. माझ्या मते तिकिटापेक्षा इथे टाकलेले पैसे जास्त सार्थकी लागतात. सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, पन्नास आणि शंभर पेसोच्या. होडीवरच्या गायकासाठी वेगळ्या.

हे गाव गाण्यासाठी ओळखलं जातं ते उगाच नाही. लोबोकचं बालगायनवृंद १९८० पासून आहे, आणि २००३ मध्ये बार्सिलोनाच्या लोकगीत महोत्सवात ही मुलं पहिली आली होती. कानावर पडणाऱ्या साध्या गाण्यातही सूर इतके घट्ट का, याचं थोडं उत्तर त्यात सापडतं.

उतरल्यावर लगेच व्हॅनमध्ये बसू नका. घाटाजवळच सॅन पेद्रोचं जुनं दगडी चर्च आहे. १५ ऑक्टोबर २०१३ च्या ७.२ तीव्रतेच्या भूकंपात ते कोसळलं होतं, पुढे दगड गोळा करून पुन्हा उभं केलंय. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. आणि तिथेच वर मान करून पुलाकडे बघा. नदीच्या पलीकडून आलेला काँक्रीटचा पूल चर्चसमोर हवेतच संपतो. पुढे न्यायचा तर चर्चच्या आवारावर घाला आला असता, लोकांनी विरोध केला आणि काम थांबलं. आमच्या नवऱ्याने क्रूझपेक्षा जास्त फोटो त्या पुलाचे काढले.

कधी जावं? जानेवारी ते मे. जोराचा पाऊस झाला की हे हिरवं पाणी गढूळ तपकिरी होतं, आणि नदी चढली तर होड्याच बंद ठेवतात. ही नदी गरीब दिसत असली तरी डिसेंबर २०२१ च्या ओडेट वादळात तिने गावातली माणसं छपरांवर चढवली होती. आदल्या दिवशी मोठा पाऊस झाला असेल तर सकाळी हॉटेलमधून फोन करून खात्री करा, आणि हातात दिवस असेल तर बेत पुढे ढकला.

रोख पैसे ताग्बिलारान किंवा पांगलाओलाच काढून घ्या. परदेशी कार्डावर तिथल्या बँका दर वेळी साधारण २५० पेसो कापतात, म्हणून एकदाच मोठी रक्कम काढलेली बरी.

टार्सियर बघायचा असेल तर कोरेलाच्या अभयारण्यात जा. पिंजऱ्यात ठेवून हातात देणारे कुणी भेटले तर तिथून निघा. मुठीएवढा प्राणी, एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा. रात्रीचा जीव आहे, फ्लॅश आणि आवाज त्याला सोसत नाही.

ज्यांना गर्दी आणि स्पीकर नकोच त्यांनी जेवणाची होडी सोडून द्यावी आणि याच नदीत कयाक घ्यावी, किंवा संध्याकाळी आबातान नदीवर काजवे बघायला जावं. आईवडील, लहान मुलं बरोबर असतील तर मात्र जेवणाची होडीच बरी.

परतताना रस्त्यावर कलामाय मिळतं. चिकट तांदूळ, नारळाचं दूध आणि गूळसर साखर आटवून करवंटीत भरतात आणि करवंटीचे दोन भाग लाल कागदाच्या पट्टीने चिकटवतात. पूर्ण शाकाहारी आहे, आईने दोन घेतले. शेंगदाण्याच्या 'पीनट किसेस'मध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो, ते न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. कलामाय चेक-इनच्या सामानात टाका, हातातल्या बॅगेत नको. विमानतळावर ते जेलीत मोजलं जाण्याची शक्यता आहे.