नुसता बीएमआय बघून पोरांची तब्येत ठरवू नका

युनिव्हर्सिटीत फिटनेस टेस्ट म्हटलं की वजन, उंची, बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग), झालं काम. मला हे अजिबात पटत नाही. हे गणित 19व्या शतकात केटले या बेल्जियन गणितज्ञाने मांडलं ते 'सरासरी माणूस' शोधायला, एकेकाची तब्येत तपासायला नाही, बीएमआय हे नाव तर 1972 मध्ये मिळालं. आता बीएमआय 22 असलेली दोन पोरं घ्या, एक रोज पळणारा, दुसरा दिवसभर खुर्चीत, आकडा सेम पण एकाकडे स्नायू आणि दुसऱ्याच्या पोटावर चरबी, आणि तो दुसरा नॉर्मल म्हणून निवांत घरी जातो.

त्यापेक्षा साधी टेप घ्या ना, कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. बॉडी फॅटचं मशीन बारीक करंट सोडून अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं, म्हणून व्यायाम करून किंवा भरपूर पाणी पिऊन उभं राहिलं की आकडा हलतो, दरवेळी एकाच वेळेला, उपाशीपोटी मोजा. चिमटा लावून चरबी मोजायची तर दरवेळी माणूसही तोच हवा. शिवाय विशीत हाडं अजून भरत असतात आणि स्नायूंच्या जोरावर ती मजबूत होतात, त्यामुळे ताकदही तपासाच.

आणि प्लीज, सगळ्यांसमोर वजन ओरडून सांगणं बंद करा.