पाच पोर्टल, तीन माणसं आणि एक बदललेलं बँक खातं

मार्च म्हणजे आमच्याकडे रिन्यूअलचा महिना, आणि रिन्यूअल म्हटलं की फायनान्सच्या साहेबांचा ठरलेला प्रश्न, "एवढी पाच पाच सॉफ्टवेअर लागतात कशाला हो? एकात भागत नाही का?" चाकणला आमची गाड्यांचे पार्ट बनवणारी कंपनी, दोन प्लांट, आयटीत आम्ही तीन माणसं, त्यातला एक पोरगा नवीन. सिक्युरिटीची टूल्स मात्र पाच आणि पाचही वेगवेगळ्या कंपन्यांची. येणारे मेल तपासणारा मेल गेटवे एकाचा, लॅपटॉपवर संशयास्पद काही चाललंय का बघणारा ईडीआर दुसऱ्याचा, नेटवर्कच्या दारावरची फायरवॉल तिसऱ्याची, कच्चे दुवे शोधणारा स्कॅनर चौथ्याचा, सगळ्यांचे लॉग (म्हणजे नोंदी) गोळा करणारा सर्व्हर पाचव्याचा. घेताना त्या त्या वर्षी जे सगळ्यात चांगलं होतं तेच घेतलेलं, त्याबद्दल माझी आजही तक्रार नाही. तर त्या मंगळवारी साडेअकराला एका मोठ्या कंपनीची माणसं "सगळं एकाच छताखाली" वाला प्लॅटफॉर्म दाखवायला येणार होती.

नऊ चाळीसला अकाउंट्सच्या मॅडमचा फोन. होसूरच्या एका कस्टमरने त्यांना विचारलं होतं, "मॅडम, तुमचं बँक खातं बदललं का? तुमच्या सेल्सचा मेल आलाय, लेटरहेड आहे, सही आहे, फक्त बँक भलतीच आहे." त्या भल्या माणसाने पेमेंट सोडायच्या आधी फोन केला म्हणून वाचलो, नाहीतर रक्कम चांगली मोठी होती. (पैसे गेलेच असतील तर आधी १९३० ला फोन, बाकी सगळं नंतर, हा कागद मी अकाउंट्सच्या भिंतीवर चिकटवून ठेवलाय.)

मेल खरंच आमच्या सेल्सच्या माणसाच्या मेलबॉक्समधून गेला होता. पहिलं काम म्हणजे त्याची चालू असलेली सगळी सेशन (म्हणजे आधीच झालेली लॉगिन) तोडली, मग पासवर्ड बदलला. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही कारण हल्ली हे लोक मधे एक खोटं लॉगिन पान उभं करतात, तुम्ही टाकलेला पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही खऱ्या साइटला पोचवतात आणि तिकडून येणारी सेशन कुकी (लॉगिन झाल्याचा जणू पासच) स्वतःकडे ठेवून घेतात, मग ओटीपी असून काय फायदा. मेलबॉक्समधे एक रूल सापडला, बँक, पेमेंट, इन्व्हॉइस यातला कुठलाही शब्द असलेला मेल आला की तो वाचलाय अशी खूण करायची आणि आरएसएस फीड्स नावाच्या फोल्डरमधे ढकलायचा. तो फोल्डर आउटलुकमधे असतो बऱ्याच जणांकडे, उघडत कोणी नाही. बिचारा सेल्सवाला म्हणे, पेमेंटचे मेलच येईनात, मला वाटलं मार्चएंड आहे, सगळे टाळतायत.

आता सर्ट-इनचा (केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था) एप्रिल २०२२ चा आदेश आहे की असला प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं. म्हणजे तीन चाळीसच्या आत काय, कधी, कसं हे कागदावर पाहिजे. मी आणि तो नवीन पोरगा बसलो पोर्टलं उघडून. आणि खरी मजा इथेच आहे, की जवळपास प्रत्येक टूलला काहीतरी माहीत होतं. मेल गेटवेने गेल्या गुरुवारचा एक मेल आत सोडला होता कारण तो आमच्याच एका जुन्या सप्लायरच्या खऱ्या (म्हणजे आधीच हॅक झालेल्या) मेलवरून आलेला आणि आतली लिंक एका नावाजलेल्या फाइल शेअरिंग साइटची. फायरवॉलने त्या लिंकपुढच्या साइटचं डोमेन (म्हणजे नाव) "नवीन नोंदलेलं" म्हणून लॉग केलं होतं, अडवलं नव्हतं. क्लाउड मेलच्या साइन-इन लॉगमधे परदेशातलं लॉगिन दिसत होतं, शेजारी "मध्यम धोका" असं लिहूनसुद्धा, पण तो लॉग आमच्या लॉग सर्व्हरमधे येतच नव्हता कारण तो तिकडे आणणाऱ्या कनेक्टरचं लायसन्स बजेटमधून कापलेलं. ईडीआर मात्र गप्प, आणि त्याचं बरोबरच होतं, लॅपटॉपवर काही चाललंच नव्हतं, सगळा कारभार ब्राउझरमधे. थोडक्यात एका घरातल्या पाच जावा, प्रत्येकीला थोडं थोडं ठाऊक आणि आपापसात अबोला.

मग पाचांचे एक्सपोर्ट एका एक्सेलमधे टाकले आणि पोरगा म्हणाला, "सर, लॉगिन आधी झालंय आणि लिंक नंतर उघडलीय, म्हणजे पासवर्ड दुसरीकडूनच फुटला असणार." शीट बघितली तर तसंच दिसत होतं. मेल ५:४२, परदेशी लॉगिन ११:२३, त्या डोमेनवर आमचा माणूस गेला ११:२८. क्षणभर माझंही डोकं फिरलं, कारण हे खरं असेल तर सगळा तपास वेगळ्याच दिशेला जातो, सेल्सच्या सगळ्यांचे लॅपटॉप काढून घ्यावे लागले असते. भानगड घड्याळांची होती. गेटवेचा एक्सपोर्ट यूटीसीमधे, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, तर ५:४२ म्हणजे आपले ११:१२. आणि फायरवॉलचं घड्याळ ७ मिनिटं पुढे पळत होतं. सरळ केल्यावर ११:१२ ला मेल, ११:२१ ला क्लिक, ११:२३ ला लॉगिन. सुतासारखं सरळ. सगळ्या मशीनची घड्याळं सरकारी एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा असं त्याच आदेशात लिहिलंय, ते कलम लोक वाचून सोडून देतात, पण त्याची किंमत अशा दिवशी कळते.

या सगळ्यात साडेअकराची मीटिंग दोनला ढकलली होती. आले दोघं, एक सेल्सचा आणि एक प्रीसेल्सचा इंजिनियर. सकाळचीच गोष्ट त्यांना नाव-गाव न सांगता दिली. इंजिनियरने डेमोमधे तसाच प्रकार दाखवला, मेल, क्लिक, लॉगिन, रूल, सगळं एका इन्सिडेंटखाली, एकाच घड्याळात, आणि सेशन तोडायचं बटण तिथेच. खोटं कशाला बोलू, आम्ही ज्यात अख्खी सकाळ घालवली ते त्याच्या स्क्रीनवर एका पानावर होतं. फायनान्सचे साहेब माझ्याकडे बघून हसले.

मी म्हटलं, ठीक आहे, आता शॉपफ्लोअरवर चला. तिथे लाइनला जोडलेले पीसी आहेत विंडोज ७ चे, ज्याचा सपोर्ट जानेवारी २०२० मधे संपला, आणि मशीनवाला म्हणतो त्यावर काही टाकलंत तर वॉरंटी विसरा. सेल्सवाला काहीतरी रोडमॅप सांगायला लागला पण इंजिनियर प्रामाणिक निघाला, म्हणाला सर आमचा एजंट (मशीनवर टाकायचं छोटं सॉफ्टवेअर) तिथे चालणार नाही. मग त्या नेटवर्कसाठी स्विचच्या मिरर पोर्टवर (जिथे सगळ्या ट्रॅफिकची नक्कल येते) बसून नुसतं ऐकणारं वेगळं टूलच पाहिजे, ज्याला मशीनची भाषा कळते.

बॅकअपही त्यांना त्याच पॅकेजमधे द्यायचा होता, त्याला मी साफ नाही म्हटलं. आमचा माल जातो जेएनपीटी बंदरावरून, आणि जून २०१७ मधे नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने तिथलं मर्स्क या जहाज कंपनीच्या ग्रुपचं टर्मिनल कसं बंद पाडलं ते या भागातल्या एक्सपोर्टवाल्यांना सांगावं लागत नाही. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले. त्यांचे जगभरचे डोमेन कंट्रोलर (कंपनीतली सगळी खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) पुसले गेले, वाचला तो घानामधला एक, तोही तिथे लाइट गेली होती म्हणून. ज्या अॅडमिन खात्याने सगळं चालतं त्याच खात्याने बॅकअप पुसता येत असेल तर तो बॅकअप कसला.

साहेबांनीही एक बाण सोडला, १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जवळपास ८५ लाख विंडोज मशीन निळी स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले, "मग एकाच कंपनीवर सगळं टाकायचं का?" मुद्दा बरोबर पण इथे लागू नाही. असं टूल तुम्ही सुटं घेतलं काय आणि पॅकेजमधे घेतलं काय, कर्नलपर्यंत (विंडोजच्या गाभ्यापर्यंत) पोचलेल्या एजंटची चुकीची फाईल सगळ्या मशीनवर एकदम गेली की हेच होणार. त्यासाठी बघायचं असतं की अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायची सोय आपल्या हातात आहे का. यावर इंजिनियरने सेटिंग उघडून दाखवलं, काही गोष्टींना आहे, काहींना नाही.

तीनच्या आधी मी उठलो, सर्ट-इनचा फॉर्म भरून तीन वीसला मेल केला.

नंतर ठरलं ते असं. मेल, आयडेंटिटी (म्हणजे लॉगिन) आणि लॅपटॉप या तिन्हींचं एकाच घरातून घ्यायचं, कारण आपण तीन माणसं आहोत आणि पाच पोर्टलं रोज उघडून बघणं होत नाही, कितीही भारी असली तरी. शॉपफ्लोअरचं वेगळं, बॅकअप वेगळ्या कंपनीचा, वेगळ्या लॉगिनने, डोमेनला न जोडलेला. तीन वर्षांच्या करारावर भरघोस सूट होती, मी एकाच वर्षाचा करा म्हटलं, कारण या प्लॅटफॉर्ममधे लॉगचं बिल जितके जीबी टाकाल त्यावर येतं आणि आमचे फायरवॉलचे लॉग त्यात ओतले तर ती सूट दिवाळीच्या आत संपेल. साहेब कुरकुरले पण सही केली, होसूरच्या त्या इन्व्हॉइसचा आकडा समोरच होता.

फायरवॉल तशीच ठेवलीय, तिचं सबस्क्रिप्शन ऑक्टोबरपर्यंत आहे. सेल्सवाल्याने ऑक्टोबरची मीटिंग कॅलेंडरवर आत्ताच टाकून ठेवलीय.