क्लोरीनमध्ये साडेअठरा न्यूट्रॉन?

अणुवस्तुमानांकातून अणुअंक वजा केला की न्यूट्रॉन मिळतात, हे शाळेतच पाठ होतं. सोडियमला ते छान लागू पडतं: २३ वजा ११, बारा न्यूट्रॉन. मग क्लोरीन येतो. मूलद्रव्यांच्या तक्त्यात ३५.५ दिसतं, त्यातून १७ काढले की उरतात साडेअठरा! वजाबाकी बरोबर आहे, आकडाच चुकीचा उचललाय.

अणुवस्तुमानांक ही एका अणूच्या केंद्रकातल्या प्रोटॉन-न्यूट्रॉनची मोजदाद, त्यामुळे तो पूर्णांकच असणार. तक्त्यातला आकडा म्हणजे दोन समस्थानिकांची (प्रोटॉन तेवढेच, पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंची) सरासरी. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांनी १९२०च्या सुमारास केंब्रिजमध्ये क्लोरीनचे आयन (विद्युतभारित अणू) चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रातून वळवले, तेव्हा फोटोच्या काचेवर ३५ आणि ३७च्या रेघा उमटल्या. ३५.५वर काच कोरीच राहिली.

म्हणजे एका अणूत १८ न्यूट्रॉन, दुसऱ्यात २०. प्रोटॉन दोन्हींत १७. 

सरासरी काढताना ३५ आणि ३७ची बेरीज करून अर्धी केली तर ३६ येईल, पण ते चुकीचं, कारण दोघांचं प्रमाण सारखं नाही. क्लोरीन-३५ सुमारे ७५.८ टक्के, क्लोरीन-३७ सुमारे २४.२ टक्के. ३५ × ०.७५८ + ३७ × ०.२४२ = ३५.४८. जास्त अचूक तक्ता मात्र ३५.४५ सांगतो. इथे बहुतेक जण 'आकडे पूर्णांकात धरल्याची किरकोळ चूक' म्हणून पुढे जातात, पण खरी गंमत इथेच आहे. ३५ ही मोजदाद आहे, वजन नव्हे. क्लोरीन-३५चा अणू प्रत्यक्षात ३४.९६९ डाल्टन (अणूंचं वजन मोजायचं एकक) भरतो आणि क्लोरीन-३७चा ३६.९६६. हे आकडे घातले की ३५.४५ बरोबर येतं.

आता सुटे भाग मोजा. १७ प्रोटॉन १७.१२४, १८ न्यूट्रॉन १८.१५६, १७ इलेक्ट्रॉन सगळे मिळून जेमतेम ०.००९. बेरीज ३५.२८९. अणू भरतो ३४.९६९. मधले ०.३२० डाल्टन कुठे गेले? केंद्रक जुळताना तेवढं वस्तुमान ऊर्जेच्या रूपात बाहेर पडतं, सुमारे २९८ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक). प्रत्येक प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे साडेआठ. केंद्रक पुन्हा सुटं करायचं तर तेवढी भरपाई करावी लागेल.

क्लोरीन वायू (रेणूत दोन अणू) मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे कणांना वस्तुमानानुसार वेगळं करणाऱ्या यंत्रात, सोडला तर रेणूच्या तीन रेघा दिसतात: ७०, ७२ आणि ७४, उंची ९:६:१. ७५.८ टक्के म्हणजे ढोबळमानाने ३/४, त्यामुळे दोन्ही अणू ३५चे असण्याची शक्यता ३/४ × ३/४, म्हणजे ९/१६. मधली रेघ दोन वाटांनी होते (३५-३७ किंवा ३७-३५), म्हणून तिच्या वाट्याला दुप्पट ३/१६, म्हणजे ६/१६. तिथे दुप्पट करायचं विसरलं की ९:३:१ येतं. आणि गणितात आपण या रेणूचं वजन बिनधास्त ७१ धरतो, त्या ७१वर एकही रेघ नसते.